भीमलीला जायचं ठरलं तेव्हा

शालिकराम कापगते मूळचा साकोलीकडचा. तो सगळा तलावांचा आणि धानाचा मुलूख. घरी थोडी बांधी, म्हणजे धानाची शेती होती, पण भाऊ तिघे आणि तोंडं पुष्कळ. भिलाईत लोखंडाचा कारखाना होऊन राहिला, माणसं पाहिजेत, असं कानावर आलं आणि तो एका धोतरावर निघून आला. आला तेव्हा कारखाना कुठला? जिकडे पाहावं तिकडे लाल माती, खुंट्या ठोकून आखलेले रस्ते आणि धुरळ्यातून धावणारे ट्रक. पहिलं वर्ष त्यानं डोक्यावर घमेली वाहिली.

त्याचं नशीब उघडलं ते एका फळीमुळे. दोन मचाणांच्या मध्ये एक अरुंद फळी टाकलेली होती आणि माणसं बसून, सरकत पलीकडे जात होती. शालिकराम घमेलं डोक्यावर घेऊन सरळ चालत गेला. लहानपणापासून मोहाच्या झाडांवर चढलेला माणूस, त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं ते पाहिलं. हा मिस्त्री बंदरावर आयुष्य काढून आलेला. त्यानं शालिकरामला आपल्या टोळीत घेतलं, दोराच्या गाठी शिकवल्या, क्रेनवाल्याला ओरडून सांगायचे शब्द शिकवले. 'हाबेस' म्हणजे वर घे, 'आरिया' म्हणजे खाली सोड. म्हातारा गेला तेव्हा टोळी शालिकरामच्या हाती आली. उंचावर गर्डर चढवून बसवणाऱ्या या लोकांना भिलाईत खलाशी म्हणत. शालिकराम कापगते खलाशी. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, सायकल आली. गावाकडे गेला की लोक त्याला खाटेवर बसवत.

समुद्राची गोष्ट निघाली ती एका रविवारी, भिलाईच्या पावर हाउस भागातल्या हॉटेलात, गणपती उठल्यानंतर. चौघं जण बसले होते. शालिकराम, त्याच्याच टोळीतला आणि शेजारच्या गावचा चंपत, जवळच्या कुरुद गावचा छत्तीसगढी बाबुलाल वेल्डर आणि स्टोअरच्या ऑफिसातले अरुणकुमार. अरुणकुमार नागपूरचे, कारकून, त्यामुळे बाकीचे त्यांना बाबू म्हणत. पण ते चौघं एकाच रस्त्यानं सायकलींवर ड्यूटीला जात, आणि रोज सोबत सायकल हाकणाऱ्यांमध्ये बाबू आणि खलाशी हा भेद फार दिवस टिकत नाही.

"शालिकराम, खलाशी म्हणजे काय माहीत आहे का तुला?" अरुणकुमारांनी विचारलं.

"म्हंजे मीच की जी."

"अरे, खलाशी म्हणजे जहाजावर काम करणारा माणूस. समुद्रावरचा. आणि तू समुद्र पाहिला नाहीस!"

सगळे हसले. शालिकरामही हसला, पण त्याला ते लागलं. रशियाहून येणारी यंत्रांची मोठाली खोकी वाल्टेरच्या बंदरात उतरून भिलाईला येत. ती उचलायला दोर घालताना फळ्यांना एक निराळा, दमट वास यायचा. हे सगळं कुठून आलं, कसल्या पाण्यावरून आलं, हे त्याच्या मनात पुष्कळदा येऊन गेलं होतं.

"मंग दाखवा ना, बाबू, समुद्र," तो म्हणाला.

अरुणकुमारांचे मेहुणे वाल्टेरला रेल्वेत होते. राहायची सोय झाल्यात जमा. येत्या वर्षी छब्बीस जानेवारी शुक्रवारी येत होती. तिला लागून शनिवारची रजा काढायची, रविवार आहेच, सोमवारची आणखी एक रजा. रायपूरहून वाल्टेर पॅसेंजरला बसायचं, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकायच्या, आणि वाल्टेरहून समुद्राच्या कडेकडेनं भीमली या कोळ्यांच्या गावापर्यंत सायकलीनं जाऊन यायचं. मेहुण्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाट बरी होती. डाव्या हाताला टेकड्या, उजव्या हाताला पाणी. बाबुलालनं सायकलींची दुरुस्ती आपल्याकडे घेतली, चंपतनं खाण्याची जबाबदारी घेतली, आणि पुढं कोण राहणार हे कुणी विचारलंही नाही. पुढं शालिकरामच. उंचीवर, रस्त्यावर, कुठंही पुढं तोच असायचा.

त्या दिवशी घरी परतताना शालिकरामनं सायकल हातात धरून पायीच आणली. बायकोला, रत्नमालाला, म्हणाला की ट्यूब बसली. ट्यूब ठणठणीत होती.

झालं होतं ते असं. त्या पावसाळ्यात त्याचा डावा कान दुखायला लागला. रत्नमालानं लसूण घालून तेल तापवून टाकलं. कान वाहिला, ताप आला, गेला. ऐकू कमी यायला लागलं, त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. लोखंडाच्या ठोकाठोकीत सगळेच खलाशी अर्धे बहिरे. पण ताप गेल्यावर एक दिवस बीमवर उभा असताना त्यानं झटकन मान वळवली, आणि सगळी शेड तिरपी झाली. क्षणभरच. त्यानं खांब धरला, डोळे मिटले, शेड पुन्हा सरळ झाली. पुढं हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. मग त्यानं मान वळवायचं सोडून दिलं. डावीकडे पाहायचं असलं की तो सगळं अंग वळवायचा, आधी पाय, मग कंबर, मग डोकं. लोकांना वाटायचं, कापगतेच्या चालीत आता रुबाब आला. दवाखान्यात तो गेला नाही. तिथं काय सांगतील ते त्याला ठाऊक होतं.

सायकलीच्या बेताला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण 'कावून?' असं कारण कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. आणि जायची हौसही खरी होती. जानेवारीपर्यंत बरं वाटेल, असं तो स्वतःला सांगत राहिला.

थंडी पडायला लागली तशी बाबुलालनं टूम काढली की वाल्टेरला जाण्याआधी एकदा रायपूरच्या वाटेवर कुम्हारीपर्यंत जाऊन येऊ, म्हणजे कुणाची सायकल कुठं कुरकुरते ते कळेल. एका रविवारी सकाळी चौघं निघाले. शालिकराम पुढं, त्याच्या मागं चंपत, मग अरुणकुमार आणि शेवटी बाबुलाल. रायपूरचा मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. बाबुलाल गात होता. शालिकराम समोरच्या रस्त्यावर नजर खिळवून पायडल मारत होता, आणि त्याला वाटायला लागलं होतं की जमतंय.

कुम्हारीच्या अलीकडे मागून ट्रकचा भोंगा वाजला. डावा कान गेल्यापासून आवाज नेमका कुठून येतो ते त्याला उमगत नसे. त्यानं खांद्यावरून मागं वळून पाहिलं. रस्ता उचलला गेला, शेतं फिरली, आणि त्याची सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी आली. चंपतनं त्याला चुकवायला हँडल वळवलं आणि तो गिट्टीच्या ढिगावर जाऊन आदळला. ट्रक भोंगा वाजवत, शिव्या देत, हातभर अंतरावरून निघून गेला.

शालिकरामला खरचटलं होतं. चंपतचं मनगट मोडलं होतं.

"साला अंधा!" बाबुलाल ट्रकच्या धुरळ्याकडे पाहून ओरडला. अरुणकुमारांनीही ड्रायव्हरलाच दोष दिला. शालिकराम रस्त्याच्या कडेला बसून होता. चंपत हात पोटाशी धरून उभा होता, पण तो ट्रकच्या दिशेनं पाहत नव्हता. तो शालिकरामकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंपत घरी आला. हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. रत्नमालानं चहा ठेवला. शालिकराम अंगणात खाटेवर होता.

"लय दुखते का बे?" त्यानं विचारलं.

"हात दुखते. तुले कधीपासून होऊन राहिलं हे?"

"काय?"

"मले येडा समजू नको, शालिक. तू मान वळवत नाहीस. दोन-तीन महिने झाले, पाहून राहिलो मी. मले वाटलं, मान आखडली असंल. काल समजलं."

शालिकरामनं खाटेच्या सुंभाकडे पाहिलं. "कमजोरी हाये. जाईल."

"सायकलवर गेला तोल, तर माहा हात मोडला. वरतून गेला तर?"

"तर मी मरीन. तुले काय?"

"तू एकटा मरशील का? खाली कोन उभा राहते? मी राहतो."

घरात स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. शालिकराम एकदम उसळला. "मंग काय करू? खाली येऊन घमेली उचलू? गावात काय सांगू, कापगते खलाशी आता झाडू मारते म्हनून? वरती चढतो म्हनून मी कोनीतरी हाव, चंपत. खाली मले कोन वयखते?"

चंपतनं झोळीतला हात सावरला. मग उठला. "मी कोनाले सांगत नाही," तो म्हणाला. "तुहं तू पाह्य. पन हात बरा झाला की मी दुसऱ्या टोळीत नाव देतो. तुह्या खाली मी उभा राहनार नाही."

चहा न घेताच तो गेला. एकाच तलावात पोहायला शिकलेले दोघं. असा चहा टाकून तो कधी उठला नव्हता.

रत्नमाला दारात उभी होती. ती अंगणात आली आणि त्याच्यासमोर थांबली.

"उभे राहा," ती म्हणाली.

"कावून?"

"उभे राहा अन् मान फिरवून दाखवा मले. इकडं, डावीकडं."

"बाई, तू आपलं काम कर."

"दाखवा म्हनते ना जी."

तो उठला. चिडून, दाखवायचंच म्हणून, त्यानं मान झटक्यानं डावीकडे फिरवली. पुढच्या क्षणी त्याचे दोन्ही हात भिंतीला लागले होते आणि कपाळ भिंतीवर टेकलं होतं. रत्नमालानं त्याला धरलं नाही. तो सावरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "माह्यापासून लपवलं तुमी. रोज डबा भरून देत होती मी, अन् तुमी असे वरती जात होते."

तिनं त्याला जाऊ नका म्हटलं नाही. त्या घरात असं म्हणायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी डबा भरला, त्याच्या हातात दिला, आणि तो रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली.

आणि तो चढला. कुणाला वाटेल, इतकं झाल्यावर माणूस चढणार नाही. पण पाय शिडीशी आले की आपोआप चढतात, आणि खाली टोळी उभी असताना 'मी आज येत नाही' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. नव्या शेडचे गर्डर बसवायचं काम चालू होतं. चंपतच्या जागी केवलराम नावाचा नवा माणूस दिला होता. त्याचं नुकतंच लग्न झालेलं, हळद अजून नखांत होती. तो मान वर करून खाली उभा राहिला.

गर्डर हळूहळू वर आला. शालिकरामनं पट्टा अडकवला होता, पाय रोवले होते, हातात बोल्ट आवळायचा लांब पाना होता. "आरिया, आरिया," तो ओरडला. गर्डर जरासा डावीकडे झुलला. त्यानं सगळं अंग वळवायला हवं होतं; तेवढा अवसर मिळाला नाही. मान वळली.

शेड फिरली. त्यानं खांबाला मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा हातात पाना नव्हता. खाली कुठंतरी खाडकन आवाज झाला होता आणि तो अजून त्याच्या बऱ्या कानात वाजत होता. खाली पाहायची त्याला हिंमत होईना. किती वेळ तो तसा होता कोण जाणे.

"भाऊ!" खालून आवाज आला. "तुमचा पाना जी! घ्या, दोर सोडा!"

केवलराम पाना उंच धरून हसत होता. त्याच्या पायाजवळच्या फळीत पाना रुतला होता, तो त्यानं उपसून काढला होता. नव्या केवलरामला वाटलं, अशा गोष्टी रोजच होत असतील. त्याचा तो हसरा चेहरा शालिकरामला सहन होईना.

त्यानं दोर सोडला नाही. गर्डर बसेपर्यंत कसाबसा थांबला, मग शिडीच्या एकेका पायरीला घट्ट धरत खाली उतरला आणि थेट सुपरवायझर दौलतरावांकडे गेला.

"साहेब, मले वरून काढा."

दौलतराव नकाशावर वाकले होते. "काय झालं, कापगते?"

"मले चक्कर येते. पावसाळ्यापासून."

दौलतराव सरळ झाले. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "पावसाळ्यापासून? आणि तू आज सांगतोस? इतके दिवस माणसांच्या डोक्यावर तू असा उभा होतास?"

शालिकरामनं मान खाली घातली. दौलतराव पुष्कळ बोलले, टोळीसमोर बोलले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग त्यांनीच पाणी मागवलं, त्याला बसवलं आणि दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं, डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं. तो उभा राहू शकला नाही. कानातली तोल सांभाळणारी नस बिघडली होती. थोडं सुधारेल, पूर्ण नाही. उंचीचं काम बंद. त्याला खोकी उतरवायच्या यार्डात टाकलं. तिथं दोर घालायचे, गाठी मारायच्या, सगळं जमिनीवरून. काम तेच, पण मान वर करून. जुने खलाशी पहिले काही दिवस त्याला टाळत. मग एकानं त्याला 'भुईखलाशी' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कित्येक दिवस तो घरी आला की अंगणात बसून राहायचा. रत्नमाला बोलायची, तो हूं हूं करायचा.

चंपतला यातलं सगळं कळलं होतं. पण तो आला नाही. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा दोघांनी हात वर केले आणि आपापल्या वाटेनं गेले.

जानेवारी उजाडला. चंपतचं प्लास्टर निघालं. अरुणकुमार एका संध्याकाळी बाबुलाल आणि चंपतला घेऊन शालिकरामच्या घरी आले. चंपत मागं, कुंपणाजवळ उभा राहिला.

"मी म्हणतो, बेत रद्द करू," अरुणकुमार म्हणाले. "पुढच्या वर्षी पाहू."

बाबुलालनं मान डोलावली. "जाबो त चारों झन जाबो। नइ त कोनो नइ जाय।" गेलो तर चौघंही जाऊ, नाहीतर कुणीच नाही, असं त्याचं म्हणणं.

शालिकराम ऐकत होता. त्याच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. या लोकांनी जाऊ नये, असं त्याला फार वाटत होतं. आणि आपल्यामुळे ते थांबले तर पुढं आयुष्यभर त्यांच्या तोंडाकडे पाहता येणार नाही, हेही त्याला कळत होतं.

"तुमी जा," तो म्हणाला. "माह्या नावानं थांबाल तर या घरात पाऊल टाकू नका. रजा काढल्या, बाबूच्या मेव्हन्याले कळवलं. आता कायचं रद्द?"

तो चिडून बोलला, तरी ते जाणार हे ठरलं. निघायच्या दिवशी तो त्यांच्यासोबत रायपूरपर्यंत गेला. ब्रेकव्हॅनमध्ये तीन सायकली कशाही टाकलेल्या पाहून त्याला राहवलं नाही. आत चढून त्यानं त्या दोरानं अशा आवळल्या की गाडी उलटली तरी हलू नयेत. चंपत खाली उभा राहून दोराचं दुसरं टोक धरत होता. दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच: "ओढ." "ओढलं." "अजून." गाडी सुटल्यावर शालिकराम फलाटावर उभा राहिला, आणि शेवटचा डबा वळेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही, कारण डबे समोरून सरकायला लागले की त्याला गरगरायचं. तो जमिनीकडे पाहत राहिला.

पुढचे चार दिवस त्यानं रत्नमालाला जगू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त, पाणी गार नाही, खाट कुणी हलवली. छब्बीस जानेवारीला मैदानावर झेंडा लागला, लाडू वाटले, तो गेला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकदाच म्हणाली, "मले का समुद्र दिसला हाये? मी नाई मरत त्याच्यावाचून." त्या दिवशी तो जेवण मुकाट्यानं जेवला.

मंगळवारी संध्याकाळी अंगणात सायकल लागल्याचा आवाज आला. चंपत होता. नाक उन्हानं सोललेलं, ओठ फुटलेले. तो खाटेच्या कडेला बसला.

"जाऊन आले?" शालिकरामनं विचारलं.

"आलो."

"कसा हाये?"

चंपतनं खांदे उडवले. "काही नाही गा. नुसतं पानी. आपल्या गावचा तलाव लय बरा."

शालिकरामनं त्याच्याकडे पाहिलं, सगळं अंग वळवून. "खोटं कावून बोलतोस माह्याशी? तवा खरं बोलला, आता खोटं बोलून राहिला. नीट सांग."

चंपत खाटेवर मांडी घालून बसला. मग हळूहळू सांगायला लागला. टेकडीचं वळण घेतलं आणि एकदम सगळी उजवी बाजू पाण्यानं भरून गेली. अरुणबाबूंनी सायकल टाकून दिली. बाबुलाल कपड्यांसकट पाण्यात शिरला आणि खारं पाणी तोंडात गेल्यावर ओरडला. भीमलीपर्यंत वारा समोरून होता, पायडल मारता मारता पोटऱ्या फुटल्या, अरुणबाबू मध्येच उतरून चालले. कोळ्यांनी मासे भाजून दिले, खाताना जीभ जळली.

"अन् पान्यात गेला का तू?"

"गेलो ना. लाट आली, गुडघ्यापर्यंत. बरं वाटलं. मंग ते पानी मागं गेलं..." चंपत थांबला. "पायाखालची वाळू निंगून गेली, शालिक. मी उभाच होतो, अन् सगळा समुद्र मले घेऊन मागं चालला असं वाटलं. डोये गरगरले. बाबुलालले धरलं म्हनून उभा राहिलो." त्यानं आपल्या मोडून जुळलेल्या मनगटावरून हात फिरवला. "तवा मनात आलं, वरती तुले असंच होत असंल. अन् धरायले कोनी नाही."

रत्नमाला ताट घेऊन बाहेर आली होती, तिनं दुसरंही ताट आणलं आणि चंपतसमोर ठेवलं.

"डोये उघडे ठेवाचे असे वक्ताले," शालिकराम शेवटी म्हणाला. "लांबची एक गोष्ट पकडाची अन् तिच्याकडंच पाहाचं. मिटले की जास्त फिरते."

"हो का?"

"हो. जेव. मंग पुढं काय झालं?"

चंपतनं घास घेतला आणि पुढं सांगायला लागला.